मुलांच्या मोबाईलवर नको त्या साईट बंद कशा करायच्या? एकाच फोनवर घर चालणाऱ्यांसाठीही सोपी माहिती

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाईलवर आला. ज्या घरात आधी एकच साधा फोन होता, त्या घरातही पोरांच्या शिक्षणासाठी उसनवारी करून स्मार्टफोन घेतला गेला. शाळा पुन्हा भरल्या, पण मोबाईल पोरांच्या हातात राहिला तो राहिलाच. आई-वडील सकाळी शेतात जातात आणि दिवस मावळायला घरी येतात. घरी आजी असते, पण पोरगं फोनमध्ये काय बघतं हे तिला कसं कळणार? मोबाईल काढून घ्यावा तर शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो. ठेवावा तर धाकधूक.

यावर मधला मार्ग आहे. फोनमध्येच अशा काही सेटिंग आहेत की त्या केल्यावर अश्लील आणि धोकादायक साईट बऱ्याच अंशी उघडत नाहीत. त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि दुकानात फोन न्यायचीही गरज नाही. अर्धा तास निवांत बसलं तर घरातलं कुणीही करू शकतं.

सरकारने बंद केल्या, मग अजून उघडतात कशा?

बऱ्याच पालकांना वाटतं की घाणेरड्या साईट सरकारने कधीच बंद केल्यात. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्र सरकारने ८२७ अश्लील साईट बंद करायला मोबाईल कंपन्यांना सांगितलं. त्या बंद झाल्याही. पण अशा साईट चालवणारे लोक नावातलं एखादं अक्षर बदलून नवीन नावाने तीच साईट पुन्हा सुरू करतात. एक तण उपटलं की शेजारी दुसरं उगवतं, तसला हा प्रकार आहे. म्हणून सरकारी बंदीवर विसंबून राहता येत नाही. आपल्या घरच्या फोनला आपणच कुंपण घालावं लागतं.

दुसरी गोष्ट अशी की पोरं मुद्दाम शोधायला गेली तरच असलं काही दिसतं, असंही नाही. फुकट पिक्चर डाउनलोड करायच्या साईटवर, क्रिकेटचा सामना फुकट दाखवणाऱ्या लिंकवर आणि गेमच्या मध्येच येणाऱ्या जाहिरातींवर चुकून बोट पडलं तरी भलतंच पान उघडतं. त्यामुळे आपल्या पोरावर विश्वास आहे, म्हणून सेटिंगची गरज नाही, असं समजू नका.

आधी ठरवा: फोन कुणाचा आहे?

सेटिंग करण्याआधी एक गोष्ट बघा. फोन फक्त मुलाचा आहे की सगळ्या घराचा?

फोन मुलाचा स्वतंत्र असेल तर गूगलचं 'फॅमिली लिंक' हे ॲप सगळ्यात चांगलं. फोन घरात एकच असेल, म्हणजे सकाळी बाजारभाव बघायला वडील वापरतात आणि संध्याकाळी पोरं, तर फॅमिली लिंक तिथे जमत नाही. कारण ते मुलाच्या नावाच्या गूगल खात्यावर चालतं. एकाच फोनच्या घरासाठी 'प्रायव्हेट डीएनएस' ही सेटिंग उपयोगाची. मुलाचा फोन वेगळा असेल तर दोन्ही करा.

पहिला उपाय: प्रायव्हेट डीएनएस

आपल्या गावात नवीन माणूस आला की तो पारावर बसलेल्यांना विचारतो, अमक्याचं घर कुठं आहे? पारावरचे लोक पत्ता सांगतात आणि तो माणूस तिथे पोहोचतो. मोबाईलमध्येही हेच चालतं. आपण साईटचं नाव टाकलं की फोन आधी एका ठिकाणी पत्ता विचारतो. पत्ता सांगणाऱ्या त्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. नेहमीचा डीएनएस कुठल्याही साईटचा पत्ता देतो. काही डीएनएस असे आहेत की अश्लील साईटचा पत्ता विचारला तर ते देतच नाहीत. मग ती साईट उघडत नाही.

क्लाउडफ्लेअर नावाच्या कंपनीने २०२० मध्ये घरगुती वापरासाठी अशी फुकट सेवा सुरू केली. तिच्यात अश्लील साईट आणि व्हायरस पसरवणाऱ्या साईट दोन्ही अडवल्या जातात. क्लीनब्राउझिंग आणि ॲडगार्ड यांच्याही अशाच सेवा आहेत. यातली कुठलीही एक पुरेशी आहे.

ही सेटिंग अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढच्या फोनमध्ये मिळते. आपला फोन कितवा आहे हे सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडल्यावर दिसतं. नंतर असं करा:

१. फोनची सेटिंग उघडा. वर शोधायची चौकट असते, तिच्यात 'डीएनएस' टाईप करा. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये ही सेटिंग वेगळ्या जागी असते, त्यामुळे शोधून काढणं सोपं पडतं. फोन मराठीत असेल तर 'खाजगी डीएनएस' असं दिसू शकतं.

२. प्रायव्हेट डीएनएसवर बोट ठेवा. बंद, आपोआप आणि तिसरा स्वतः नाव टाकायचा, असे तीन पर्याय दिसतात. तिसरा निवडा.

३. खालच्या चौकटीत इंग्रजी छोट्या अक्षरांत हे नाव टाका. अक्षरं अशी: एफ, ए, एम, आय, एल, वाय, मग टिंब, मग सी, एल, ओ, यू, डी, एफ, एल, ए, आर, ई, मग मधली आडवी रेघ, मग डी, एन, एस, मग टिंब, मग सी, ओ, एम. मध्ये कुठेही मोकळी जागा सोडायची नाही.

४. सेव्ह करा. नंतर नेट एकदा बंद करून चालू करा.

एकही अक्षर चुकलं तर फोनवर नेटच चालणार नाही. घाबरू नका. परत त्याच जागी जा, स्पेलिंग तपासा किंवा 'आपोआप'वर करा, नेट लगेच सुरू होतं. एसटी स्टँडवर किंवा रेल्वे स्टेशनवर फुकटचं वायफाय जोडताना कधी कधी ही सेटिंग आड येते. तेव्हाही तेवढ्यापुरती 'आपोआप'वर करायची आणि घरी आल्यावर परत पहिल्यासारखी करायची.

या उपायाचा फायदा म्हणजे तो मोबाईल डाटा आणि वायफाय दोन्हीवर चालतो, आणि क्रोम असो की दुसरं ब्राउझर, साईट अडवली जाते. तोटा असा की ज्याला माहीत आहे तो पोरगा सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करू शकतो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'ॲप लॉक' असतं आणि ते सेटिंगलाही लावता येतं. तुमच्या फोनमध्ये ती सोय असेल तर सेटिंगला पासवर्ड लावून टाका. नसेल तर आठवड्यातून एकदा नजर टाका.

आणखी एक: क्लाउडफ्लेअरची ही सेवा सट्ट्याच्या आणि जुगाराच्या साईट अडवत नाही. त्याचं पुढे सांगितलं आहे.

दुसरा उपाय: फॅमिली लिंक

मुलाचा फोन वेगळा असेल तर हे करा. आई किंवा वडिलांच्या फोनवर प्ले स्टोअरमधून 'गूगल फॅमिली लिंक' घ्या. मुलाच्या नावाने गूगल खातं काढताना जन्मतारीख खरी टाका. इथेच बहुतेक घरांत गडबड होते. दुकानदार फोन चालू करून देताना अंदाजाने कुठलं तरी साल टाकतो आणि चौथीतला पोरगा गूगलच्या लेखी पंचवीस वर्षांचा होतो. मग त्याला सगळंच मोकळं.

खातं झालं की मुलाच्या फोनच्या सेटिंगमध्ये 'गूगल' उघडा, तिथे पालकांच्या नियंत्रणाचा, म्हणजे 'पॅरेंटल कंट्रोल'चा पर्याय असतो. फोनवर विचारेल तसं पुढे जायचं आणि शेवटी पालकाच्या खात्याने मंजुरी द्यायची. आता मुलाच्या फोनचा दोर तुमच्या फोनमध्ये आला.

तुमच्या फोनवर फॅमिली लिंक उघडा, मुलाचं नाव निवडा आणि 'कंट्रोल्स'मध्ये जाऊन गूगल क्रोम उघडा. तिथे तीन पर्याय आहेत:

– सगळ्या साईट चालू. हा ठेवायचा नाही.
– अश्लील साईट अडवण्याचा प्रयत्न कर. सहावी-सातवीच्या पुढच्या मुलांना हा बरा.
– फक्त आम्ही मंजूर केलेल्या साईट. लहान मुलांना हा योग्य. मुलाला नवीन साईट पाहिजे असेल तर तो परवानगी मागतो आणि तुमच्या फोनवर निरोप येतो.

एखादी विशिष्ट साईट बंद करायची असेल तर तिचं नाव अडवलेल्या यादीत टाकता येतं. सट्ट्याच्या साईट इथे टाका.

फॅमिली लिंकमध्ये आणखी सोयी आहेत. नवीन ॲप घ्यायचं असेल तर पालकांची परवानगी लागते. रोज किती वेळ फोन चालावा आणि रात्री किती वाजता बंद व्हावा हे ठरवता येतं. मुलाच्या क्रोममध्ये 'इनकॉग्निटो', म्हणजे मागमूस न ठेवता बघायची खिडकी, उघडत नाही.

पण एक लक्षात ठेवा. साईटची ही गाळणी क्रोमपुरती आहे. मुलाच्या फोनमध्ये दुसरं ब्राउझर असेल तर त्यातून वाट मोकळी राहते. म्हणून बाकीची सगळी ब्राउझर फॅमिली लिंकमधून बंद करा. तसंच 'व्हीपीएन' नावाची ॲप बघा. ती ॲप सगळी कुंपणं ओलांडून देतात. मुलाच्या फोनमध्ये असं ॲप दिसलं तर ते काढा आणि ते कशासाठी घेतलं होतं ते शांतपणे विचारा.

१३ वर्षांच्या पुढच्या मुलाच्या जुन्या खात्यालाही देखरेख जोडता येते, पण त्याला मुलाची संमती लागते. म्हणजे त्याच्याशी बोलूनच करावं लागतं, आणि तेच बरं.

यूट्यूब, गूगल आणि प्ले स्टोअर

साईट बंद केल्या तरी या तीन जागा राहतात. तिन्हीकडे एकेक सेटिंग करा.

यूट्यूब: ॲप उघडून आपल्या फोटोवर किंवा नावाच्या अक्षरावर बोट ठेवा, सेटिंगमध्ये 'जनरल' उघडा आणि 'रिस्ट्रिक्टेड मोड' चालू करा. मोठ्यांसाठीचे बरेच व्हिडिओ दिसायचे बंद होतात. घरात दोन फोन असतील तर दोन्हींवर वेगळं करावं लागतं. लहान मुलांसाठी 'यूट्यूब किड्स' हे वेगळं ॲप आहे.

गूगल: गूगलच्या सेटिंगमध्ये 'सेफसर्च' आहे. ते 'फिल्टर'वर ठेवा. मग शोधताना अश्लील फोटो आणि पानं गाळली जातात.

प्ले स्टोअर: वर उजवीकडे आपल्या फोटोवर जा, सेटिंग, मग 'फॅमिली', मग 'पॅरेंटल कंट्रोल'. एक पिन टाका आणि वय ठरवा. ३, ७, १२, १६ आणि १८ असे वयाचे टप्पे दिसतात. १२ ठेवलं तर त्यापुढची ॲप घेता येत नाहीत. मात्र आधीपासून फोनमध्ये असलेली ॲप यामुळे निघत नाहीत, ती हाताने काढावी लागतात. आणि पिन म्हणून गाडीचा नंबर किंवा मुलाचं जन्मसाल टाकू नका. पोरांना ते आधी सुचतं.

व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर आलेली 'एपीके' फाईल म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून येणारं ॲप. सट्ट्याची ॲप याच वाटेने येतात. लग्नपत्रिकेच्या नावाखाली बँक खातं रिकामं करणारी ॲपसुद्धा अशीच येतात. सेटिंगमध्ये 'अननोन ॲप्स' शोधा आणि व्हॉट्सॲप, टेलिग्राम, क्रोम यांच्यापुढची परवानगी बंद करा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचाच कायदा केला आहे.

व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम

डीएनएस असो की फॅमिली लिंक, व्हॉट्सॲपवर कुणी काय पाठवलं हे त्यांना अडवता येत नाही. इथे वेगळी काळजी घ्यावी लागते.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी', मग 'ग्रुप्स' आणि तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा. मग अनोळखी माणूस मुलाला भलत्याच ग्रुपमध्ये घेऊ शकत नाही. 'स्टोरेज अँड डाटा'मध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. त्याने डाटाही वाचतो.

इन्स्टाग्राम १३ वर्षांखालच्यांसाठी नाहीच. १३ ते १७ वयासाठी कंपनीने 'टीन अकाउंट' आणलं आहे. त्यात खातं खाजगी राहतं, अनोळखी माणसाला सरळ मेसेज करता येत नाही आणि १६ वर्षांखालच्या मुलाला ही बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण हे सगळं खऱ्या जन्मतारखेवर चालतं. तारीख खोटी असेल तर कुंपणच नाही.

फोन एकच असेल तर आणखी एक युक्ती

मुलाला फक्त अभ्यासाचा एक व्हिडिओ किंवा एकच ॲप दाखवायचं असेल तर 'ॲप पिनिंग' किंवा 'स्क्रीन पिनिंग' वापरा. सेटिंगमध्ये शोधलं की सापडतं. ते चालू करताना बाहेर पडायला पासवर्ड विचारायचा पर्यायही निवडा. मग मुलाला त्या ॲपमधून बाहेर पडता येत नाही. फोनपे, गूगलपे आणि बँकेच्या ॲपला मात्र वेगळा पिन ठेवाच.

आयफोन असेल तर

सेटिंगमध्ये 'स्क्रीन टाईम', त्यात 'कन्टेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स' चालू करा आणि 'वेब कन्टेंट'मध्ये प्रौढांच्या साईट मर्यादित करायचा पर्याय निवडा. स्क्रीन टाईमचा पासकोड फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवा.

कायदा काय म्हणतो?

हा भाग पालकांनी मुलांनाही वाचून दाखवावा. १८ वर्षांखालच्या मुला-मुलींचे अश्लील फोटो किंवा व्हिडिओ बनवणं, पाठवणं, शोधणं, डाउनलोड करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सांगितलं की असं साहित्य जवळ बाळगणं आणि बघणंही पॉक्सो कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. मुलगा १८ च्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. मला तर ग्रुपवर आलं, मी फक्त पुढे पाठवलं, हे सांगून सुटका होत नाही.

म्हणून गावातल्या एखाद्या मुलीचा फोटो किंवा व्हिडिओ फिरत असल्याचं कळलं तर 'बघा काय चाललंय' म्हणूनसुद्धा तो पुढे पाठवू नका. पुरावा म्हणून नंबर, ग्रुपचं नाव आणि वेळ लिहून ठेवा आणि तक्रार करा.

तक्रार कुठे करायची?

– १९३०: ऑनलाइन पैसे गेले असतील तर. जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम थांबायची शक्यता जास्त.
– राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल: महिला आणि मुलांविरुद्धच्या ऑनलाइन गुन्ह्यांची तक्रार इथे नाव न सांगताही करता येते.
– १०९८: मुलांसाठीची मदत, चोवीस तास, फुकट. मूल स्वतःही फोन करू शकतं.
– १४४१६: टेलिमानस, मन फार अस्वस्थ असेल तर बोलण्यासाठी सरकारी सेवा.
– १८ वर्षांखालच्या मुलाचा खाजगी फोटो इंटरनेटवर जाण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' नावाची फुकट सेवा आहे. त्यासाठी फोटो कुणाला पाठवावा लागत नाही.

सेटिंगपेक्षा मोठी गोष्ट

मुलांना धमकावून पैसे किंवा फोटो मागणाऱ्यांचं सगळं बळ एकाच गोष्टीत असतं: 'घरी सांगेन.' पोराला किंवा पोरीला घरच्यांची भीती त्या बदमाशापेक्षा जास्त वाटते, म्हणून ते गप्प बसतात, आईच्या डब्यातले पैसे काढून देतात आणि आणखी अडकतात. काही जण जीवाचं बरंवाईट करायला निघतात.

मुलींच्या बाबतीत तर हे जास्त खरं आहे. तिला कुणी घाण मेसेज पाठवला आणि तिने घरी सांगितलं, तर बऱ्याच घरात पहिलं काम होतं तिचा फोन काढून घेणं. दुसरं काम तिची शाळा-कॉलेज बंद करणं, आणि तिसरं स्थळ बघायला सुरुवात. चूक केली दुसऱ्याने, शिक्षा मिळाली तिला. हे बघून तिची धाकटी बहीण शिकते की काही झालं तरी घरी सांगायचं नाही. अशा घरात कितीही सेटिंग केल्या तरी उपयोग नाही.

म्हणून सेटिंग करायच्या दिवशी मुलाला समोर बसवून एवढं सांगा: "फोनवर काहीही वाईट दिसलं, कुणी काही मागितलं, अगदी तुझ्याकडून चूक झाली तरी आधी आम्हाला सांग. मारणार नाही, फोन काढून घेणार नाही, शाळा बंद करणार नाही." आणि वेळ आली तर दिलेला शब्द पाळा. आईने सांगणं जास्त बरं, कारण मुलं बहुतेक वेळा आधी आईकडेच येतात.

लपूनछपून फोन तपासू नका. "दर रविवारी आपण दोघं मिळून फोन बघू" असं आधीच ठरवा. आणि नियम मोठ्यांनाही लागू करा. बाप जेवताना रील बघत असेल तर पोराला काय सांगणार?

गावाने मिळूनही करता येतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. त्या वेळात मुलं अभ्यासाला बसतात. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालच्यांना मोबाईल नको असा ठराव केला. कुठला मार्ग घ्यायचा हे गावागावाने ठरवावं, पण ग्रामसभेत किंवा शाळेच्या पालकसभेत हा विषय निघायला हरकत नाही.

थोडक्यात

आज रात्री जेवणं झाल्यावर पाच कामं करा: प्रायव्हेट डीएनएस टाका, यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड चालू करा, सेफसर्च फिल्टरवर ठेवा, प्ले स्टोअरला पिन लावा आणि अननोन ॲप्सची परवानगी बंद करा. मुलाचा फोन वेगळा असेल तर रविवारी वेळ काढून फॅमिली लिंक जोडा. फोन अपडेट झाला, रिसेट केला किंवा दुरुस्तीला दिला की सगळ्या सेटिंग पुन्हा तपासा. स्वतःला जमत नसेल तर गावातल्या कॉलेजच्या एखाद्या मुला-मुलीला किंवा शाळेतल्या गुरुजींना शेजारी बसवा, पण पिन आणि पासवर्ड मात्र स्वतःच्या हाताने टाका.

पिकाला कुंपण घातलं तरी राखण सुटत नाही, तसंच हेही आहे. ही माहिती जपून ठेवा आणि आपल्या गावच्या पालकांच्या ग्रुपवर पाठवा.